छोट्या व्यवसायासाठी वेबसाइट बिल्डर: आधी ऑर्डर, मग डोमेन, टेम्प्लेट शेवटी

वेबसाइट बिल्डर, म्हणजे कोड न लिहिता वेबसाइट बनवू देणारी सेवा, निवडायला बसलं की बहुतेक जण टेम्प्लेटपासून, म्हणजे तयार साच्यापासून, सुरुवात करतात. रंग आवडले, फोटोंची मांडणी आवडली, जाहिरातीत ‘महिना १४९ रुपये’ लिहिलेलं दिसलं की पैसे भरून मोकळे. अडचण कळते ती पहिली खरी ऑर्डर आल्यावर. जिथे माल पोचतच नाही अशा गावाहून पैसे येतात, ‘कोऱ्या’ शब्दातला अर्धा र भलत्याच रूपात दिसतो, ग्राहकाला इंग्रजी ईमेल जातो. तोवर चार वर्षांचे पैसे भरून झालेले असतात.

म्हणून इथे क्रम उलटा घेतला आहे. उदाहरण मुख्यतः एकच आहे: रत्नागिरीहून पुण्या-मुंबईला थेट हापूस पाठवणारा बागायतदार. आंब्याचा भाव दर आठवड्याला बदलतो, माल नाशवंत, हंगाम जेमतेम तीन महिन्यांचा, आणि पेटी कुठेही पाठवता येत नाही. ज्या बिल्डरमध्ये हा व्यवहार नीट बसतो, त्यात फराळ, मसाले, साड्या सहज बसतात.

एक ऑर्डर कागदावर लिहून काढा

कोरा कागद घ्या आणि एका ग्राहकाची ऑर्डर पहिल्या फोनपासून माल हातात पडेपर्यंत लिहा. तो काय विचारतो? ‘दोन डझनाची पेटी केवढ्याला? फळ केवढं? पिकलेलं की कच्चं? कोथरूडला कधी पोचेल?’ मग पैसे कसे देतो, पत्ता कुठे लिहून घेता, गाडी कोणत्या वारी निघते, फळ खराब निघालं तर काय करता. साधारण दहा-बारा ओळी होतात. त्यातल्या कोणत्या ओळी वेबसाइटने करायच्या आणि कोणत्या तुम्ही फोनवरच करणार, यावर खूण करा.

या खुणांवरूनच बिल्डरचा प्रकार ठरतो.

गुहागर-दापोलीकडचं चार खोल्यांचं होमस्टे, शिकवणीचे वर्ग, फॅब्रिकेशनचं वर्कशॉप, इथे ग्राहक बोलल्याशिवाय पैसे देत नाही. यांना कार्ट, म्हणजे वस्तू निवडून तिथेच पैसे भरायची सोय, लागत नाही. फोटो, दर, नकाशा, फोनचं बटण आणि व्हॉट्सॲपचं बटण एवढं पुरे. गूगल साइट्स फुकट आहे, तिला स्वतःचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचा स्वतःचा पत्ता, जोडता येतं आणि माहितीच्या पाच पानांना ती चालते. थोडी देखणी मांडणी हवी तर विक्स, स्क्वेअरस्पेस, झोहो साइट्स, होस्टिंगरचा बिल्डर.

रोज ठरावीक वस्तूंच्या ऑर्डर येतात आणि ग्राहक न विचारता पैसे भरतो, तिथे कार्ट हवीच. मग शॉपिफाय, विक्सचा दुकानाचा प्लॅन, किंवा स्वतःच्या होस्टिंगवर (साइट ठेवायला भाड्याने घेतलेल्या जागेवर) वर्डप्रेस आणि त्यावर वूकॉमर्स हे दुकानाचं प्लगइन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर. शेवटच्या पर्यायात स्वातंत्र्य सर्वांत जास्त, पण अपडेट, बॅकअप आणि सुरक्षितता तुमच्या गळ्यात. महिन्यातून दोन तास त्यासाठी देणारं माणूस घरात किंवा ओळखीत नसेल तर वूकॉमर्सच्या वाटेला जाऊ नये, हे आमचं स्पष्ट मत आहे. जुनं प्लगइन तसंच राहिलं की साइट हॅक होते आणि ते नेमकं हंगामात लक्षात येतं.

डोमेन बिल्डरपासून वेगळं ठेवा

बिल्डर वर्षभराच्या प्लॅनबरोबर डोमेन ‘फुकट’ देतो. घेऊ नका. डोमेन वेगळ्या रजिस्ट्रारकडे (डोमेन नोंदवून देणाऱ्या कंपनीकडे), स्वतःच्या नावावर, स्वतःच्या ईमेलवर घ्या आणि बिल्डरला फक्त जोडा. बिल्डर उद्या बदलला तरी पाटी तीच राहते. हे किती खरं आहे ते मार्च २०२४ मध्ये दिसलं. गूगलने बिझनेस प्रोफाइलमधून बनवलेल्या फुकट वेबसाइट बंद केल्या. जूनपर्यंत त्या पत्त्यावर आलेला माणूस प्रोफाइलकडे वळवला जात होता, पुढे तेही थांबलं. ज्यांनी तो फुकटचा पत्ता पेट्यांवर आणि व्हिजिटिंग कार्डांवर छापला होता, त्यांची छपाई वाया गेली.

नोंदणी करताना ‘रजिस्ट्रंट’ (डोमेनचा मालक) या रकान्यात धंद्याचं किंवा मालकाचं नाव असलं पाहिजे. वेबसाइट करून देणाऱ्या मुलाचं नाव आणि त्याचाच ईमेल तिथे गेला, की पुढे तो परगावी गेल्यावर तुमच्याच डोमेनसाठी त्याच्या मागे फिरावं लागतं. ज्या ईमेलवर नूतनीकरणाची सूचना येते तो ईमेल त्याच डोमेनवरचा ठेवू नका. डोमेन बंद पडलं की तो ईमेलही बंद पडतो आणि सूचना कुणालाच मिळत नाही.

पहिल्या वर्षाचा दर पाहू नका, नूतनीकरणाचा पाहा. डॉट इन, डॉट कॉम यांतलं कोणतंही चालेल. नाव रोमन लिपीत असं निवडा की फोनवर एकदा सांगितलं तर समोरचा बरोबर लिहील. ‘आंबा’ रोमनमध्ये लोक दोन-तीन तऱ्हांनी लिहितात, हे आधी लक्षात घ्या. घाईत चुकीच्या रजिस्ट्रारकडे घेतलं तरी लगेच हलवता येईलच असं नाही. डॉट कॉम नोंदवल्यावर पहिले ६० दिवस दुसरीकडे नेता येत नाही.

जोडताना एक चूक वारंवार होते. बिल्डर म्हणतो, ‘नेमसर्व्हर आमचे टाका.’ नेमसर्व्हर म्हणजे डोमेनच्या नोंदी ठेवणारे संगणक. ते टाकले की वेबसाइट चालू होते, पण त्याच डोमेनवर आधीपासून ईमेल असेल तर तो बंद पडतो. कारण ईमेल कुठे पोचवायचा हे सांगणाऱ्या एमएक्स नोंदी जुन्या नेमसर्व्हरवरच राहतात. बदल करण्याआधी डोमेनच्या सगळ्या डीएनएस नोंदींचा स्क्रीनशॉट काढा. शक्य असेल तिथे नेमसर्व्हर न बदलता फक्त साइट कुठे आहे हे सांगणाऱ्या ए आणि सीनेम या दोन नोंदी बदलून साइट जोडा.

चाचणी सर्वांत अडचणीच्या मालाने घ्या

चाचणीच्या काळात लोक सोपी वस्तू टाकून पाहतात आणि सगळं छान दिसतं. उलट करा. सर्वांत किचकट वस्तू आधी टाका.

हापूसचं घ्या. फळाचे तीन आकार, पॅकिंग दोन: दोन डझनाचा बॉक्स आणि पाच डझनांची पेटी. म्हणजे एका वस्तूचे सहा प्रकार. आता पुढच्या गोष्टी करून बघा.

सहाही भाव एका पडद्यावरून बदलता येतात का? मार्चमधला भाव मेमध्ये राहत नाही. प्रत्येक प्रकार वेगळा उघडून भाव बदलावा लागला तर दर आठवड्याला अर्धा तास जातो आणि एखादा भाव जुनाच राहून जातो.

साठ्याचा हिशोब कसा होतो? बहुतेक बिल्डर प्रत्येक प्रकाराचा साठा स्वतंत्र धरतात. आढीत मोठ्या आकाराचे पन्नास डझन आहेत. तुम्ही पेट्या १० लिहिल्या आणि बॉक्स २५ लिहिले, तर तेच पन्नास डझन दोनदा विकले जातात. दोन उपाय आहेत. साठा हाताने वाटून द्या, म्हणजे पेट्या ६ आणि बॉक्स १०. नाहीतर विक्रीचं एकक ‘डझन’ ठेवा आणि कमीत कमी दोन डझनांची अट घाला. ही किमान संख्येची अट बिल्डरमध्ये मुळात आहे की वेगळं ॲप विकत घ्यावं लागतं, ते आत्ताच तपासा.

पिनकोड अडवता येतो का? अनेक ठिकाणी कुरिअरचा विभाग राज्यापर्यंतच ठरवता येतो. ‘महाराष्ट्र’ निवडलं की गडचिरोलीचीही ऑर्डर येते, आणि पिकलेलं फळ तितके दिवस तग धरत नाही. वूकॉमर्समध्ये डिलिव्हरीच्या विभागात ४११ आणि पुढे तारांकन लिहिलं की ४११ने सुरू होणारे सगळे पिनकोड येतात, पल्लाही देता येतो. शॉपिफायमध्ये साधे शिपिंगचे विभाग राज्यावर थांबतात. पिनकोडसाठी ‘लोकल डिलिव्हरी’ची सोय वापरावी लागते किंवा ॲप घ्यावं लागतं. होमस्टेवाल्याने याऐवजी तारखांची चाचणी घ्यावी: एकच खोली एकाच रात्रीसाठी दोघांना देता येते का ते दोन फोनवरून करून बघावं.

हंगाम संपल्यावर काय? नऊ महिने पूर्ण भाडं भरायचं नसेल तर प्लॅन खाली आणता येतो का, आणि आणल्यावर वस्तू, फोटो तसेच राहतात का ते विचारा. पानं मात्र काढून टाकू नका. आंबे नसताना त्याच पानावर ‘पुढच्या हंगामासाठी नाव नोंदवा’ एवढा फॉर्म ठेवा. पान हटवलं की गूगलमधली त्याची जागा जाते आणि मार्चमध्ये पुन्हा शून्यातून सुरुवात होते.

मराठीची परीक्षा

परदेशी बिल्डरांची टेम्प्लेटं रोमन अक्षरांसाठी केलेली असतात. मराठी मजकूर टाकला की काय होतं ते बघायला ही ओळ चिकटवा: ‘आढीत पिकवलेला हापूस, कोऱ्या पेटीत, ॲडव्हान्स बुकिंग सुरू, सर्वोत्कृष्ट फळ.’ ‘ऱ्या’, ‘ॲ’ आणि ‘त्कृ’ या तीन ठिकाणी दोष लगेच उघडे पडतात.

टेम्प्लेटच्या फॉन्टमध्ये देवनागरी नसेल तर फोन स्वतःचा फॉन्ट वापरतो. मग शीर्षक एका घाटाचं, मजकूर दुसऱ्या, आणि प्रत्येक फोनवर वेगळं. फॉन्ट बदलून मुक्त, बलू २, पॉपिन्स किंवा तिरो देवनागरी मराठी ठेवा. चारही गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत आणि चारहींत देवनागरी आहे. पहिले दोन मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेचे. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर तिरोमध्ये ते मुळातच आहेत.

मग अक्षरांमधलं अंतर बघा. इंग्रजी शीर्षकं ऐसपैस दिसावीत म्हणून टेम्प्लेटमध्ये ते वाढवलेलं असतं. मराठीत त्याने शिरोरेषा तुटते आणि शब्द मण्यांसारखा सुटा होतो. ते शून्य करा. ओळींमधलं अंतर १.६ पट ठेवा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या ओळीच्या वेलांट्यांना भिडतात. बटणांवर ‘ऑर्डर करा’ लिहून रफार आणि ऑ वरची खूण कापली जात नाही ना ते पाहा.

जुन्या माहितीपत्रकातला मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेवमध्ये टाइप केलेला असेल तर तो तसा चिकटवू नका, निरर्थक अक्षरं उमटतील. युनिकोडमध्ये (सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत) रूपांतर करा आणि नंतर डोळ्यांनी पूर्ण वाचा. जोडाक्षरं हमखास चुकतात.

बिल्डरचे स्वतःचे शब्द, म्हणजे ‘कार्टमध्ये टाका’, ‘पत्ता’, ‘ऑर्डर मिळाली’ आणि ग्राहकाला जाणारे ईमेल, मराठीत बदलता येतात का, हाही प्रश्न आहे. काही ठिकाणी मराठी भाषा यादीत नसते, पण प्रत्येक शब्द हाताने बदलता येतो. तेवढं पुरतं.

पानाचा पत्ता मात्र रोमन अक्षरांतच ठेवा. देवनागरी पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला की बहुधा त्याचा सांकेतिक रूपातला लांबलचक पट्टा होतो. एकट्या ‘आंबा’ शब्दाची त्यात ३६ चिन्हं होतात. लोकांना ती फसवणुकीची लिंक वाटते. पानाच्या शीर्षकात मराठी नावाबरोबर रोमन लिपीतलं नावही घाला, कारण मराठी बोलणारे कितीतरी लोक शोध रोमनमध्येच टाइप करतात.

पैशांचा हिशोब

महिन्याचा दर फसवा असतो. समजा जाहिरात ‘महिना १४९ रुपये’ म्हणते आणि खाली बारीक अक्षरांत ४८ महिने लिहिलेलं आहे. म्हणजे आज भरायचे ७,१५२ रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ८,४३९. नूतनीकरणाचा दर तिप्पट असेल तर पुढची रक्कमही तिप्पट. म्हणून तीन वर्षांचा एकूण खर्च मांडा: प्लॅन, डोमेन, लागणारी ॲपं, ईमेल. साइट सुरक्षित करणाऱ्या एसएसएल प्रमाणपत्रासाठी वेगळे पैसे मागणाऱ्याला नकार द्या. लेट्स एन्क्रिप्टची प्रमाणपत्रं फुकट मिळतात आणि चांगले बिल्डर ती आपोआप बसवतात.

दुकान असेल तर विक्रीवरची कात्री भाड्यापेक्षा मोठी ठरते. रेझरपे, कॅशफ्री, पेयू यांसारखे गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे घेऊन देणाऱ्या कंपन्या, साधारण २ टक्के घेतात आणि त्या शुल्कावर १८ टक्के जीएसटी. शॉपिफायचं स्वतःचं पेमेंट भारतात नाही. त्यामुळे बाहेरचा गेटवे वापरल्याबद्दल ते बेसिक प्लॅनवर आणखी २ टक्के घेतात. हजार रुपयांच्या ५०० ऑर्डर, म्हणजे हंगामात पाच लाखांची विक्री धरा: गेटवेचे ११,८०० आणि शॉपिफायचे १०,०००. कॅश ऑन डिलिव्हरी किंवा थेट बँकेत घेतलेल्या पैशांवर शॉपिफायचं हे शुल्क नसतं. ओळखीच्या सोसायट्यांना एकगठ्ठा पेट्या जात असतील तर तिथे यूपीआय क्यूआर आणि व्हॉट्सॲप हाच स्वस्त मार्ग आहे, गेटवे नको.

परदेशी बिल्डरचा वर्गणीहप्ता कार्डावरून आपोआप कापला जाईल यावर विसंबू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२१ पासून अशा कपातीसाठी ई-मँडेट, म्हणजे आधी नोंदवलेली ऑनलाइन परवानगी, लागतं आणि १५,००० रुपयांवरच्या रकमेला दर वेळी ओटीपी. मँडेट नोंदलेलं नसलं की पैसे कापले जात नाहीत आणि साइट गपचूप बंद पडते. मुदतीच्या १५ दिवस आधीची आठवण फोनमध्ये लावा, हाताने पैसे भरा. हंगामाच्या ऐन मध्यावर मुदत येत असेल तर ती आधीच पुढे सरकवून घ्या.

कागदपत्रं आणि कायद्याची पानं

गेटवेचं केवायसी अडकतं ते बहुतेक वेळा पानं नसल्यामुळे. संपर्क, गोपनीयता धोरण, अटी, रद्द करणं व परतावा, आणि डिलिव्हरी, ही पाच पानं अर्ज करण्याआधी चालू हवीत. त्यांवर खरा पत्ता आणि बँक खात्याशी जुळणारं नाव हवं. ‘आईचा फराळ’ अशी पाटी आणि खातं दुसऱ्याच नावाचं, तर तळाशी दोन्ही नावं लिहा. परताव्याच्या पानावर आंब्यासाठी नेमकं लिहा: पेटी पोचल्यापासून किती तासांत फोटो पाठवायचा, किती फळं खराब निघाली तर पैसे परत, किती निघाली तर पुढच्या पेटीत भरपाई. गोलमोल लिहिलं की भांडण ठरलेलं.

२०२० च्या ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियमांनुसार तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर हवा. तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात. एकट्याचा धंदा असेल तर स्वतःचंच नाव लिहा. खाद्यपदार्थ विकत असाल तर एफएसएसएआयचा (अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा) १४ आकडी क्रमांक तळाशी टाका. पॅकबंद मालासाठी वजन, कमाल किंमत, उत्पादकाचं नाव-पत्ता हे वस्तूच्या पानावरही दिसलं पाहिजे. हापूसवर जीआयचं (भौगोलिक मानांकनाचं) चिन्ह लावायचं असेल तर आधी अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करून घ्या.

जीएसटीबाबत एक गोष्ट हमखास निसटते. राज्यातल्या राज्यात माल विकताना ४० लाखांची मर्यादा आहे, पण करपात्र माल एकदा जरी परराज्यात विकला तर सर्वसाधारणपणे उलाढाल कितीही असो, नोंदणी लागते. बिल्डरमध्ये ‘संपूर्ण भारत’ आधीच निवडलेलं असतं. नोंदणी नसेल तर डिलिव्हरी महाराष्ट्रापुरतीच ठेवा. बेळगाव किंवा मडगावची एक ऑर्डरही यात येते. ताज्या आंब्यावर कर नाही, डबाबंद आमरसावर आहे. दोन्ही विकत असाल तर आधी सीएला विचारा.

बाहेर पडायची वाट

पैसे भरण्याआधी विचारायचं: उद्या सोडून जायचं ठरवलं तर माझं काय काय माझ्याबरोबर येईल? शॉपिफाय आणि विक्समधून वस्तूंची यादी सीएसव्ही फाइलमध्ये (एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या तक्त्यात) निघते. वर्डप्रेसमधून मजकूर पूर्ण निघतो. विक्सवर बांधलेली साइट मात्र उचलून दुसऱ्या होस्टिंगवर ठेवता येत नाही, पानं पुन्हा बांधावी लागतात. म्हणून विक्स टाळावं असं नाही. पण मजकूर आणि मूळ फोटो आपल्या ड्राइव्हवर वेगळे ठेवा, आणि ग्राहकांची यादी दर महिन्याला उतरवून घ्या. चाचणीच्या काळातच एकदा ती फाइल काढून उघडा. मराठी नावं प्रश्नचिन्हांसारखी दिसली तर एक्सेलमध्ये थेट न उघडता यूटीएफ-८ ही अक्षरपद्धत निवडून आयात करा.

चालू करण्याच्या दिवशी

साधा, तीन-चार वर्षं वापरलेला अँड्रॉइड फोन घ्या, वायफाय बंद करा आणि साइट उघडा. मोठं चित्र अडीच सेकंदांत दिसायला हवं. उशीर होत असेल तर बहुतेक वेळा दोष फोटोंचा असतो. रुंदी १,२०० ते १,६०० पिक्सेल, वजन २०० केबीच्या आत ठेवा. व्हॉट्सॲपवरून फोटो मागवताना ‘डॉक्युमेंट’ म्हणून मागवा, नाहीतर आधीच दाबून आलेला फोटो पुन्हा दाबला जातो. पहिल्या पानावर सरकते बॅनर लावू नका. दुसरं-तिसरं चित्र कुणी पाहत नाही आणि पान जड होतं.

व्हॉट्सॲपच्या लिंकमध्ये ९१ आणि लगेच दहा आकडी नंबर. अधिकचं चिन्ह, शून्य किंवा मोकळी जागा गेली तर चॅट उघडत नाही.

साइट गूगल सर्च कन्सोलमध्ये (साइट गूगलच्या शोधात कशी दिसते ते दाखवणाऱ्या साधनात) नोंदवा, बिझनेस प्रोफाइलमध्ये हाच पत्ता टाका. टेम्प्लेटमधली नमुन्याची पानं, खोटे अभिप्राय आणि ‘आमची टीम’मधले परदेशी चेहरे काढून टाका. बिल्डरमधला ‘शोधयंत्रांपासून लपवा’ हा पर्याय चाचणीत चालू केला असेल तर बंद करा.

मग खऱ्या पैशांनी एक ऑर्डर द्या, घरच्या नाही तर शेजाऱ्याच्या फोनवरून. पैसे खात्यात कोणत्या दिवशी आले, ईमेल स्पॅममध्ये गेला का, पावतीवर नाव बरोबर आहे का ते लिहून ठेवा. तीच ऑर्डर रद्द करून पैसे परत पाठवा आणि ते किती दिवसांत पोचतात ते पाहा. तो आकडा परताव्याच्या पानावर लिहा.